विहिणीचं उत्तर कापलेला व्हिडिओ

ज्या व्हिडिओने मावशीचं गाणं बंद पाडलं, तोच आज तुम्ही तिला श्रद्धांजली म्हणून स्टेटसला लावलाय.

मावशी आज पहाटे गेली. पोशीरला, आपल्याच घरी.

मावशीच्या रेखाच्या लग्नातला तो व्हिडिओ. अंगणात विहिणीची पंगत बसलेली, सगळ्या बायकाच. मुलीची आई असून मावशी स्वतः गायला उभी राहिली.

"विहीणबाईंचा घास केवढा, आमच्या कणगीतला भात तेवढा!"

विहीणबाई कुंभिवलीच्या. त्या गप्प बसणार? हातातला घास तसाच धरून त्यांनी परतवलं,

"कणगी कसली दावता बाई, उंदीरबी तिथं उपाशी जाई!"

सगळ्यात जास्त मावशीच हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आपल्यातल्याच एकीने हे शूट केलं. मावशीची ओळ ठेवली, विहिणीचं उत्तर कापलं आणि रील टाकली.

तालुकाभर फिरली. कमेंटमध्ये अनोळखी पुरुष विहिणीच्या अंगावर, खाण्यावर बोलत होते.

मी मावशीला दाखवली. तिने दोनदा पाहिली.

"हितंच संपलं? तिचं उत्तर कुठं हाय?"

"रील एवढीच आहे, मावशी."

"मंग ती मुकी दिसते गं. मी एकटीच तिला बोलल्यासारखी."

तिने त्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, व्ह्यूज बघ ना किती आलेत!"

पहिल्या दिवाळीला कुंभिवलीहून रेखाला माहेरी पाठवलं नाही. मावशीने केलेले फोन विहिणीने उचलले नाहीत.

त्यानंतर मावशी कुठल्याच मांडवात गायली नाही. कुणी आग्रह केला की म्हणायची, "आदी फोन घरात ठेवा, मंग गाते."

कुणी ठेवले नाहीत.

आज दुपारी विहीणबाई आल्या. मावशीच्या उशाशी बसल्या. रेखाचा हात धरून म्हणाल्या, "माझं उत्तर हिनं ऐकलं हुतं गं. मीच लोकांचं ऐकत बसले."

त्याच वेळी बाहेर ओटीवर कुणाच्या तरी फोनमधून मावशीचा आवाज आला. घास केवढा, भात तेवढा. आणि पुढे काहीच नाही.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला.

जिने तो व्हिडिओ शूट केला, तिनेही सकाळी हात जोडून तोच टाकलाय. "आमच्या मावशीचा आवाज हरपला" असं लिहून.

हरपला नाही. तू घेतलास.

व्हिडिओ काढून टाका. सगळ्यांनी. आजच.

मावशी, जा आता. विहीण येऊन गेली.