बुजवलेला खळगा

शहरातल्या पलासिया भागात आमचं ऑफिस आहे, तिथे मी नकाशांचं काम करते. ड्रोनने मोजून आणलेल्या जमिनीच्या उंच्या कॉम्प्युटरमध्ये टाकायच्या आणि त्यातून चढउतारांचं चित्र उभं करायचं. आम्ही त्याला टेरेन मॉडेल म्हणतो. मोजलेले बिंदू सगळीकडे नसतात. झाडाखालची, छपराखालची जमीन ड्रोनला दिसत नाही, तिथली उंची सॉफ्टवेअर आजूबाजूच्या बिंदूंवरून अंदाजाने भरतं. हा अंदाज फसला की निस्तरायला माझ्याकडे येतो.

त्या उन्हाळ्यात एका सरकारी खात्याकडून महूच्या रस्त्यालगतच्या नव्या कॉलन्यांचं काम आलं होतं. पावसाचं पाणी कुठून कुठे जाईल, याचा नकाशा करायचा होता. मॉडेल तयार झालं आणि एका कॉलनीत जमीन सपाट आली. नुसती सपाट नाही, ताटात थापलेल्या बर्फीसारखी. माळव्याची जमीन दिसायला सपाट असली तरी अशी नसते, तिला बारीक उतार असतोच.

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "ये क्या टेबल बना दिया आपने? क्लायंट याच्यावर चहाचा कप ठेवेल."

मी आधी अंदाजाची पद्धत बदलून पाहिली. जवळच्या बिंदूला जास्त वजन देणारी लावली, तर आजूबाजूला प्रत्येक बिंदूभोवती फोडासारखी वर्तुळं उठली, पण ते टेबल हललं नाही. बिंदू जोडून त्रिकोण करणारी लावली. चढावर त्रिकोण दिसायला लागले आणि मध्ये टेबल तसंच. एखादी उंची रिकामी राहून शून्य धरली गेली असेल, म्हणून तेही तपासलं. काही सापडलं नाही. शेवटी शेजारी बसणारी माझी मैत्रीण वैतागून म्हणाली, "अगं, पद्धती सोड. कच्चे बिंदू तरी सपाट आहेत का, वो तो देख!"

ड्रोनने मोजलेले कच्चे बिंदू सपाट नव्हते. मधोमध चांगले खाली उतरत होते.

मग उलगडलं. पाण्याचा नकाशा करण्याआधी आम्ही सॉफ्टवेअरला एक हुकूम देऊन ठेवलेला असतो, की जिथून पाणी बाहेर पडत नाही असे खळगे भरून टाक. कारण बहुतेक वेळा ते खोटे असतात, मोजण्यातल्या चुका. ही पायरी आपोआपच चालते, कोणी तिकडे बघत नाही. इथे कॉलनीच्या खालच्या अंगाला नवा रस्ता भराव घालून उंच केला होता. त्याच्या पोटातून पाणी नेणारी पुलिया, म्हणजे मोरी, वरून दिसत नव्हती. सॉफ्टवेअरला तो रस्ता म्हणजे भिंत वाटली, भिंतीमागचा खळगा म्हणजे चूक वाटली आणि त्याने तो काठोकाठ बुजवला. मी ती पायरी बंद केली. पडद्यावर लांबट, वाकडी, निळी खोलगट जागा उमटली. जुन्या नाल्याची वाट अगदी स्पष्ट दिसत होती.

मला फार आनंद झाला. सर शाबास म्हणाले, मैत्रिणीने समोसे मागवले. समोसा हातात धरूनच मी त्या चित्रावर घरांचा फोटो चढवला, आणि निळ्या भागात मला ताईच्या गच्चीवरची केशरी टाकी दिसली.

ताई माझ्याहून बरीच मोठी. तिचं सासर महूचं. जिजाजींचे आजोबा फौजेत होते, वडीलही, आणि जिजाजी फौजेच्या स्टोअरमध्ये क्लार्क. त्यांचं बालपण क्वार्टरमध्ये गेलं, संसारही क्वार्टरमध्येच झाला. भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करा, असं ते हसून सांगायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी हे घर घेतलं. बुद्धपौर्णिमेला भंतेजींना बोलावून वंदना घेतली आणि राहायला गेले. त्या दिवशी जिजाजी पाहुण्यांना प्रत्येक खोलीतला खिळा दाखवत फिरत होते. "ही भिंत आपली आहे, भिया! कितीही ठोका."

रविवारी मी स्कूटीवरून तिकडे गेले. घरी जाण्याआधी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाने खाली उतरून पाहिलं. पुलिया होती. पण वाकून आरपार पाहिलं तर उजेड नव्हता. कॉलनीच्या बाजूने तिच्या तोंडात मुरूम आणि सिमेंटचे तुकडे दाबून भरले होते. वर सपाट करून कोणीतरी गाड्या लावायला जागा केली होती. म्हणजे सॉफ्टवेअरने जे पडद्यावर मानलं होतं, ते इथे माणसांनी खरंच करून ठेवलं होतं. पाण्याला बाहेर जायला वाट नव्हती.

आधी जेवणं उरकली. मग लॅपटॉप उघडून दोघांना चित्र दाखवलं. शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं, की पुलिया मोकळी केली तर काही होणार नाही, पण केली नाही तर जोराच्या पावसात इथे पाणी साचेल.

जिजाजींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "यात आपलं घर कुठलं?"

मी बोट ठेवलं.

"सगळ्यात गडद निळं?"

"हो."

"हे घर घ्यायच्या आधी तुला माहीत होतं, छोटी?"

"नाही हो जिजाजी. हे माप आत्ता आलंय."

"मग आता कशाला दाखवलंस?"

ते रागावून बोलले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. पुलियाचं बघता येईल, अर्ज करता येईल, असं मी काहीतरी म्हणाले. अर्ज हा शब्द ऐकून ते उठले आणि हात धुवायला गेले. ताई मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिथे ती हळूच म्हणाली, "त्यांना आता झोप नाही येणार बघ."

तिचं खरं ठरलं. जिजाजींनी अर्ज केला, कॉलनीतल्या लोकांना गोळा केलं. पण लोकांना गाड्या लावायची जागा हवी होती. "अंकलजी, टेन्शन मत लो," म्हणून सगळे पांगले. आमच्या ऑफिसने दुरुस्त केलेला नकाशा क्लायंटकडे पाठवला. तिथून पोच आली, पुढे काही आलं नाही.

पाणी आलं ते पावसाळा संपत आल्यावर, गणपतीच्या दिवसांत. झड लागली होती. दुपारी ताईचा फोन आला. "छोटी, आत आलंय." मी पोचले तेव्हा जिजाजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पलंगाखाली विटा लावत होते. पाणी नळासारखं धारेने येत नव्हतं, फरशीच्या सांध्यांतून, शांतपणे वर येत होतं. बाहेर गल्लीत ते नकाशावरच्या निळ्या कडेपाशी, जवळजवळ तिथेच थांबलेलं होतं. ऑफिसातल्या कोणाला हे सांगितलं असतं तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती. मी जिजाजींच्या हातात एकेक वीट द्यायला लागले.

दोन दिवसांत पाणी उतरलं. बाकीच्या घरांनी फरशा धुतल्या, सोफे उन्हात टाकले आणि विषय मिटवला. जिजाजींना मात्र जमलं नाही. ताई सांगायची, ढग दाटून आले की ते खोल्यांतून फेऱ्या मारतात, फरशीला हात लावून बघतात. "तुमचं ते निळं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून जातच नाही," ती म्हणाली. 'तुमचं' म्हणाली, म्हणजे ऑफिसचं, 'तुझं' नाही. तेवढी तिने काळजी घेतली.

थंडीत त्यांनी घर विकलं. घेणाऱ्याला जिजाजींनी स्वतःहून पाण्याचं सांगितलं, म्हणून भाव पडला. ते दोघे महूत भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेले, तिसऱ्या मजल्यावर.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर क्लायंटच्या ऑफिसातून सरांना फोन आला. आमच्या नकाशावरून त्यांनी तुंबलेल्या पुलिया शोधल्या होत्या आणि त्या मोकळ्या करायला घेतल्या होत्या. त्यात ती पुलिया पहिली होती. सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी हसले, थँक्यू म्हणाले, आणि जिन्यात जाऊन उभी राहिले. मी ते चित्र जिजाजींना दाखवलं नसतं तर? एकदा पाणी आलं असतं, चार शिव्या घालून त्यांनीही सोफा उन्हात टाकला असता, आणि आज ते आपल्या घरात असते. पण दाखवलं नसतं आणि पुलिया मोकळी झालीच नसती तर?

पुलिया उघडल्याचं जिजाजींना आता सांगावं की नाही, या विचारातच पाऊस संपला. एका रविवारी महूला गेले होते. ताई आत पोहे करत होती. जिजाजी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणाले, "जिजाजी, ती पुलिया..."

"उघडली. माहितीये मला," ते म्हणाले. "झड लागली होती ना मध्ये, तेव्हा बसने जाऊन बघून आलो."

"आणि?"

"कोरडं होतं सगळं." मग म्हणाले, "त्यांनी घराला रंग दिलाय. पिवळा. बरा दिसतोय."

ताईने आतून हाक मारली. आम्ही दोघे उठलो आणि पोहे खायला गेलो.