ओळखीतला मुलगा

विद्यापीठाच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना पोरी मावशी म्हणत. मावशींची एक रीत होती. मुलगी गप्प बसली की तिला खोदून विचारायचं नाही. गॉजचा गठ्ठा पुढ्यात सरकवायचा आणि म्हणायचं, "जरा घड्या घाल गं." हात कामात गुंतले की जीभ सैल होते, हे त्यांना बावीस वर्षांत उमगलं होतं.

त्या दिवशी शेवटच्या वर्षातली एक उंच मुलगी पाय मुरगळला म्हणून आली. पाय दोन्ही ठणठणीत होते. चार घड्या वाकड्या पडल्या, पाचवी सरळ पडली, तेव्हा ती बोलली.

"एका मुलाच्या खोलीवर गेले होते. प्रेमबीम काही नाही, मावशी. गोळी वेळेत घेतली, पाळीही आली. सुटले."

"आणि आजाराचं काय?"

"छे! तो तसला नाही. ओळखीतला आहे. त्याची बहीण माझ्याच वर्गात आहे."

बहिणीवरून भावाची तब्येत कशी कळते, या विचारानं मावशींना चैन पडेना. आठवडाभर येईल तिला त्या विचारत राहिल्या, अशा वेळी भीती कशाची वाटते? एक म्हणाली, दिवस जाण्याची. दुसरी म्हणाली, त्यानं मित्रांत बोभाटा केला तर? तिसरीला फोटोची धास्ती.

"आणि भीती कुणाची नाही वाटत?"

"चष्मेवाल्याची!"

"ती का गं?"

"अभ्यासू असतो ना बिचारा!"

पोरी खिदळल्या. आजाराचं नाव मात्र एकीनंही काढलं नाही. त्यातली एक तर जंतूंवरच प्रबंध लिहीत होती.

मावशींनी उंच मुलीला बोलावून घेतलं. "तपासणी करून टाक."

"नको."

"सुईला भितेस?"

"सुईला नाही, तुमच्या वहीला."

वही बाहेरच्या टेबलावर असे. चूक होऊ नये म्हणून मावशी भरल्या रांगेसमोर खणखणीत आवाजात नाव आणि तपासणी विचारून लिहून घेत. स्वतःच्या या चोख कामाचा त्यांना केवढा अभिमान! मावशींचा चेहरा उतरला. पोरींनी धोका तोलला नव्हता असं नाही. त्यांच्या तराजूत रांग जड होती.

मावशी उठल्या, वही आत आणली, दार लोटलं. नावाच्या जागी नुसता आकडा लिहिला. "आता?"

मुलीनं हात पुढे केला.

चौथ्या दिवशी अहवाल आला. संसर्ग होता. दुखणं नाही, खुपणं नाही, पण होता. औषधानं बरा होणारा.

"पण तो तर…" मुलगी अडखळली.

"त्यालाही ठाऊक नसेल, बाई."

तिनं कागदाची सरळ घडी घातली. मग तिनं फोन लावला.

"ऐक, मध्ये बोलू नकोस. तुलाही एक तपासणी करावी लागेल. नाही, मी चिडलेले नाही. दवाखाना कुठे आहे ते सांगते, लिहून घे."