बॉयलरच्या आवाजांची यादी

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाची ती हिवाळ्यातली सकाळ आठवते, तेव्हा आधी खिडकीतलं पिवळसर ऊन आठवतं आणि मग मॅडमचा आवाज. कॉर्पोरेट फायनान्सच्या तासाला त्या उद्याच्या रुपयाची आजची किंमत काढायला शिकवायच्या, आणि मी खिडकीबाहेर बघत विचार करायची, की येणारे दिवस असे मागे ओढून हातात घेता आले तर कसे दिसतील? धुक्यातून येणाऱ्या माणसांसारखे, बहुतेक.

ऑपरेशनल रिस्क हा विषयही त्याच शिकवायच्या. माणसं, यंत्रं, कामाच्या पद्धती, यांतलं काहीतरी बिघडून धंद्याचं नुकसान होण्याची शक्यता, असा त्याचा साधा अर्थ. "पुस्तकातून नाही कळणार," त्या म्हणाल्या. "एखाद्या कारखान्यात जा आणि काय काय बिघडू शकतं ते बघून या."

मला देपालपूरच्या वाटेवरचा सोयाबीन तेलाचा कारखाना मिळाला. मी रोज सकाळी इंदूरहून बसने निघायची. दोन्ही बाजूंना कोवळा गहू, त्यावर दव, आणि दूर शेतांच्या टोकाला चिमणीची पांढरी वाफ. ढग तिथेच तयार होतात असं मला अर्धवट झोपेत वाटायचं.

बॉयलर सांभाळणारे काका मराठीच होते. त्यांचे वडील इंदूरच्या कापडगिरणीत होते. पहिल्याच दिवशी मी यादी काढून प्रश्न विचारायला लागले, तर ते हसले.

"बेटा, आधी चुप बैठ. हे बॉयलर बोलतं. अपन फक्त ऐकायचं."

मी बसले. ऊबदार, दमट खोलीत सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले होते. काका डोळे मिटून एकेक वेगळा करून सांगायचे. हा पंप, हा पंखा, ही वाफ. तासाभराने मलाही वेगवेगळं काहीतरी ऐकू यायला लागलं, की तसा भास झाला, अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या आठवड्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि चौथ्याच दिवशी बॉयलरमधलं पाणी उतरायला लागलं. धोक्याची घंटा वाजून बॉयलर आपोआप बंद पडला. फिटरने मोटर तपासली, पाण्याच्या नळातली गाळ अडवणारी जाळी धुतली, नळांचा नकाशा उलगडून बघितला. पुन्हा सुरू केला की पुन्हा घंटा. दुपारपर्यंत अख्खा कारखाना थांबला. शेवटी मॅनेजरांनी काकांना फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

"पंपाशी धर," काका म्हणाले. "चालू करायला सांग. बस, तसाच धर."

मी हात लांब करून उभी राहिले. पलीकडे डोळ्यावर पट्टी बांधलेला माणूस खाटेवर बसून ऐकत होता.

"खडे खळखळल्यासारखं वाजतंय. पाणी पुरत नाही त्याला. मागच्या भिंतीपाशी दुसरी जाळी आहे, ती काढा."

"भिया, दुसरी जाळी तो है ही नहीं नक्शे में," फिटर म्हणाला.

"नकाशात नाही. मी बसवलीय."

जाळी होती, गाळाने भरलेली. ती धुतल्यावर पाणी चढलं, वाफ धरली, आणि चिमणीवर पुन्हा ढग तयार होऊ लागला.

त्या संध्याकाळी मी अहवालात लिहिलं: या कारखान्यातली सर्वांत मोठी जोखीम एका माणसाचे कान ही आहे. लिहून झालं आणि मला अपराधी वाटलं. ज्यांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांनाच मी जोखमीच्या रकान्यात बसवलं होतं. हे वाचून मालकांनी त्यांना काढलं तर?

अहवाल मॅडमना देण्याआधी मी तो घेऊन काकांकडे गेले. डोळ्यामुळे त्यांना अजून वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवला. ती ओळ मी घाईघाईने वाचून टाकली.

काका म्हणाले, "सही लिहिलंस. सुट्टी घेतली तरी माझं अर्धं मन तिथंच असतं. आता असं कर, वही काढ."

पुढच्या सहा दुपारी ते बोलले आणि मी लिहिलं. पंप कोरडा चालला की कढईत रवा भाजल्यासारखं. वाफ गळायला लागली की झोपेत कुणी दातांतून श्वास सोडल्यासारखं. मध्येच ते थांबायचे, ऊन भिंतीवरून सरकायचं, काकू चहा ठेवून जायच्या. नकाशात नसलेल्या जाळ्या आणि नळ मी त्यांच्या सांगण्यावरून कागदावर रेखाटले. अशा चार जागा निघाल्या.

मॅडमनी ती यादी वर्गात मोठ्याने वाचली. कुणी हसलं नाही. मालकांनी काकांना काढलं तर नाहीच, उलट दोघा ऑपरेटरांना त्यांच्या हाताखाली दिलं. तीन महिने ते तिघं डोळे मिटून बसत.

माझी परीक्षा संपली तेव्हा काकांचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज होता.

"ओंकारेश्वरला आलोय काकूला घेऊन. पाच दिवस."

"आणि कारखाना?"

"चालू असेल," ते म्हणाले, आणि नर्मदा ऐकू यावी म्हणून त्यांनी फोन लांब धरला.