धाकट्याच्या कागदावर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. मुलाखतीत लोक विचारायचे, बिलोली तालुक्यातून फुटबॉलकडे कसे वळलात? मी शाळेतल्या पी.टी.च्या सरांबद्दल सांगायचो. ते हैदराबादेत खेळून आले होते आणि कापसाच्या वावरात गोलपोस्ट रोवून त्यांनी आम्हाला शिकवलं. तेवढं खरं होतं. पुढचं मी गिळायचो. आता पंचाहत्तरी आली. गावाकडं राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी हे एकदा वाचावं.

टीव्हीवर, रेडिओवर तुम्ही ज्याला व्यंकट म्हणून ऐकलंत तो मी. पण व्यंकट माझं नाव नाही. माझं नाव ग्यानोबा. व्यंकट माझा धाकटा भाऊ.

बिलोलीच्या स्टँडवरून नांदेडची यष्टी सकाळी सुटायची. त्या दिवशी बाप आणि व्यंकट सोडायला आले होते. नांदेडच्या स्पर्धेत माझा खेळ बघून मुंबईच्या एका बँकेनं संघात बोलावलं होतं. अट दोन गोष्टींची होती, वय विसाच्या आत आणि मॅट्रिक पास. मी तेवीस वर्षांचा आणि दोनदा नापास. व्यंकट एकोणीस वर्षांचा आणि गावात मॅट्रिकला पहिल्या वर्गात पास झालेला एकटाच. बापानं आठ दिवस विचार केला आणि आमच्यासारख्यांनाच सुचावा असा मार्ग काढला. म्हणाला, "कागद कुनाचा बी असू द्या, नोकरी तर घरातच येनार हाय की." व्यंकटनं आपलं सर्टिफिकेट मेणकापडात गुंडाळून माझ्या हातात दिलं. वर हसत म्हणाला, "दादा, आता तू माझ्याहून बारका झालास. पाया पड." बाप त्याच्यावर खेकसला. गाडी सुटेपर्यंत दोघं हसत उभे होते.

मुंबईत मी व्यंकटचा व्यंकी झालो. बँकेनं कागद पाहिला, नक्कल ठेवून घेतली आणि अस्सल परत दिला. तो मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला. राइट बॅक म्हणून अकरा वर्षं खेळलो. चिखलात, भर उन्हात, गोव्यात, कोलकात्यात. सुरुवातीला मागून कुणी 'व्यंकी' म्हणून हाक मारली की मी पळतच राहायचो, शिव्या खायचो. दुसऱ्या हंगामापर्यंत सवय झाली. तिसऱ्यात कुणी ग्यानोबा म्हटलं असतं तर मी वळलो नसतो.

त्याच तिसऱ्या हंगामात व्यंकटचं पोस्टकार्ड आलं. मास्तर व्हायचं म्हणून तो नांदेडला ट्रेनिंगसाठी अर्ज करत होता. अस्सल सर्टिफिकेट दाखवावं लागत होतं. 'पंधरा दिवसांत पाठव, दादा. काम झालं की लगेच परत देतो.'

दुपारी सराव नव्हता. मी ट्रंक उघडली, कागद बाहेर काढला, पाकीटसुद्धा आणलं. मग विचार आला, एकाच कागदावर एक माणूस बँकेत आणि दुसरा शाळेत, उद्या कुणी जुळवून बघितलं तर? संघातली जागा नुकतीच पक्की झाली होती. मी कागद परत ट्रंकेत ठेवला आणि लिहिलं की पुण्याला जाताना गाडीत पेटी चोरीला गेली, त्यात तो होता. खाली आणखी एक ओळ लिहिली. बोर्डाकडून दुसरी प्रत काढू नकोस, चौकशी होईल आणि माझी नोकरी जाईल.

त्याचं उत्तर आलं ते असं. 'असू दे. तू खेळ.'

बापानं पुढं सगळं नीटनेटकं करून टाकलं. व्यंकट मुंबईला आहे हे सरकारदरबारी लिहिलेलंच आहे, तर गावात कोण राहतो? ग्यानोबा. रेशन कार्डावर, मतदार यादीत भाऊ ग्यानोबा झाला. पुढं पोटासाठी तो लातूरला डाळमिलमध्ये लागला. तिथल्या रजिस्टरात लिहिलं गेलं, ग्यानोबा, शिक्षण नाही. पहिल्या वर्गात पास झालेला माझा भाऊ तीस वर्षं तुरीची पोती मोजत राहिला.

गुडघा गेल्यावर मला रेडिओनं घेतलं. तिथं पहिल्यांदा माझ्या बोलण्यातलं गावाकडचं 'हाव' आणि 'न्हाई' काढून टाकलं. मग टीव्ही आला, परदेशी लीगच्या मॅचेसचं मराठी समालोचन आलं. अंधेरीच्या स्टुडिओत एसीत बसून, कानाला हेडफोन लावून, मी कधीच न पाहिलेल्या इंग्लंडमधल्या मैदानांचं वर्णन करायचो. पाऊस पडतोय, लोक उभे राहिलेत, असं सांगायचो. प्रत्येक मॅच सुरू व्हायची ती 'नमस्कार, मी व्यंकट' या शब्दांनी. लोकांना वाटायचं, हा माणूस किती मनापासून बोलतो.

गेल्या वर्षी भाऊ आजारी म्हणून लातूरला गेलो. क्लासच्या पोरापोरींनी भरलेल्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर. खाटेवर बसून तो माझंच समालोचन असलेली जुनी मॅच बघत होता.

"या, व्यंकटराव," तो म्हणाला. एकटे असलो की तो मला त्याच्याच नावानं चिडवायचा. "लई बोलतोस रे तू. त्यो ऑफसाइड नव्हता, म्हैस बी सांगंल."

"तुला काय कळतंय?"

"कळतंय की. कागद हरवला नसता तर मी मास्तर झालो असतो आन तुला वर्गात बाकावर उभा केलो असतो. मराठी बघ कसली बोलून राहिलास, पुन्याच्या जावयासारखी."

तो मनापासून हसला. त्याच्या मनात काही नव्हतं. पन्नास वर्षं तो ती चोरी खरी मानून बसला होता. त्या क्षणी सांगायला हवं होतं. तोंडाशी शब्द आले होते. मी म्हणालो, "पाणी दे रे जरा."

त्यानंतर तीन महिन्यांनी तो गेला. दहावा नांदेडला गोदावरीच्या घाटावर केला. मी आलोय हे कळून तिथल्या फुटबॉल क्लबातले दोघं-तिघं भेटायला आले होते, थोडं लांब उभे होते. गुरुजींनी गेलेल्याचं नाव विचारलं. पुतण्याला बापाचं नाव कागदोपत्री होतं तेच ठाऊक. त्यानं सांगितलं, ग्यानोबा. भावाच्या बायकोनं, इंदूनं, पदराआडून माझ्याकडं बघितलं. तिला सगळं माहीत होतं, हरवल्याच्या खोट्याखेरीज. मी एक शब्द बोललो असतो तर नाव बदललं असतं. मी क्लबातल्या लोकांकडं बघितलं आणि गप्प बसलो. ग्यानोबाच्या नावानं पिंड ठेवला, पाणी सोडलं. मी जिवंत, शेजारीच बसलेलो. माझ्या भावाला त्याच्या नावाचं पाणीसुद्धा मिळालं नाही.

सगळे उठल्यावर इंदू जवळ आली. "दादा, गुरुजीला नाव सांगायचं होतं की तुम्ही."

"विसरलो," मी म्हणालो.

ती भांडी उचलून पायऱ्या चढून गेली.

मुंबईत माझा फ्लॅट आहे, दारावर पाटी आहे. त्याला मी घर म्हणत आलो. गावात आता आमचं कुणी नाही. मला वाटतं, आपलं खरं नाव घेऊन जिथं कुणी बोलावतं ते घर. मला ग्यानोबा म्हणणारी माणसं एकेक करून गेली. शेवटचा होता तो मला चिडवायलाही स्वतःचंच नाव वापरायचा, आणि ते माझ्याकडंच ठेवून गेला.

इंदूला आणि पुतण्याला हे छापील हातात पडेल तेव्हा कळेल. त्यांच्या तोंडावर सांगायची छाती आजही नाही. ज्याला सांगायचं होतं तो वाचणार नाही, तरी त्याच्यापुढं बसून जे म्हणायचं होतं ते इथं लिहितो. व्यंकट, पेटी चोरीला गेली नव्हती. कागद माझ्या हातात होता, पाकीटही आणलेलं होतं. मी पाठवला नाही.