खालचा आकडा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. पण आता आत ठेववत नाही.

निघोज्याजवळच्या एका कंपनीत मी नर्स आहे. दवाखान्याची खोली प्रेस शॉपला अगदी चिकटून. तिकडे पत्र्यावर प्रेस आदळली की इकडे टेबलावरची कात्रीसुद्धा हलते. अशा जागी स्टेथोस्कोप लावून बीपी बघायचं — बघा करून!

हृदय आकुंचन पावतं तेव्हा रक्ताचा दाब चढतो, तो वरचा आकडा. ते सैल पडतं तेव्हा दाब उतरतो, तो खालचा. दंडावरच्या पट्ट्यातली हवा सोडत गेलं की जिथे ठोके ऐकू यायला लागतात तिथे वरचा, जिथे विरतात तिथे खालचा. पहिला ठोका ठळक असतो. पण शेवटचा कुठला? आणि प्रेसचा कुठला? मला कधी कळलंच नाही. मग काय — वरचा ऐकायचा आणि खालचा ठोकून द्यायचा. ऐंशी.

सांगायला हवं होतं. पण आधीच्या नर्सने कधी तक्रार केली नव्हती; मग माझेच कान कच्चे ठरले असते ना? मला लाज वाटली.

बबनकाका त्याच प्रेसवर होते. गावातलेच. एकदा जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी आले. "मॅडम, डोकं लई ठणकतंय. दोन-तीन दिस झालं."

वरचा थोडा चढलेला होता. खालचा — शपथेवर सांगते, ऐकूच आला नाही. सुट्टीत प्रेस थांबणारच होती. थांबा काका, तेव्हा पुन्हा बघू — एवढंच तर म्हणायचं होतं! मी म्हणाले, "ऐंशी आहे, काळजी नको. पाणी प्या भरपूर." त्यांचा जीव भांड्यात पडला. हसत कामावर गेले.

त्याच आठवड्यात त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बीपी बरेच दिवस चढलेलं असणार, खालचं तर फारच, असं हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले.

मी भेटायला गेले. काकू माझा हात धरून रडल्या. "मॅडम, तुमी तर तपासलं व्हतं, समदं बरं व्हतं. मग कशानं झालं वो? तंबाखूनं?"

काका खाटेवरून माझ्याकडेच बघत होते.

"हो," मी म्हणाले, "तंबाखूनंच."

गप्प तरी बसता आलं असतं. तेवढंही जमलं नाही मला — की जमवलं नाही?

अजून जाते मी अधूनमधून. काकू भरवता भरवता त्यांना तंबाखूवरून बोलतात. ते निमूट गिळतात. मी समोर बसून काकूंनी केलेला चहा पिते.