रुमालाची गाठ

आमच्या स्काउट मास्तरांचा एक नियम होता. सकाळी गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची आणि शाळेची घंटा व्हायच्या आत एक 'नेक काम' करून ती सोडायची. निजामाच्या अमलातल्या जालन्यात दुःखाला तोटा नव्हता, पण ऐन सकाळी शाळेच्या वाटेवर ते सापडायला हवं ना. म्हणून आम्ही कुंडलिकेच्या काठी एका बाईची वाट बघायचो.

ती दातणासाठी लिंबाच्या काड्या विकायची. पाण्यातल्या दगडांपाशी आली की कमरेवर हात ठेवून थांबायची. मग आमच्यातला एकजण तिची टोपली घ्यायचा आणि हात धरून तिला पलीकडे, जुन्या जालन्याच्या काठावर पोचवायचा. ती कण्हत, जपून पाऊल टाकायची. तिचं नाव कुणी कधी विचारलं नाही.

एकदा तिला पोचवून मी गाठ सोडली आणि बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. मान वर केली तर ती परत निघालेली. डोक्यावरच्या टोपलीला हातसुद्धा न लावता दगडांवरून भराभर चालली होती.

"मावशी, परत कुठं?"

ती मधल्या दगडावर थांबली. पलीकडच्या काठावर माझा एक सोबती धापा टाकत नुकताच येऊन पोचला होता.

"त्या लेकराची गाठ सुटली न्हाई अजून," ती म्हणाली. "मंग शाळेत कसं जाईल ते?"

त्याच्यापाशी पोचताच तिनं कमरेवर हात ठेवला आणि कण्हायला सुरुवात केली.