अनोळखी पित्तराचे पान

आमचे हे लग्नापासून कधी खिरीला शिवले नव्हते. हैदराबादला त्यांची दोन्ही फुफ्फुसे बदलली, पुष्कळ दिवसांनी घरी आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी खिरीसाठी वाटी पुढे केली. सासूबाईंनी डोळे पुसत वाटी भरली आणि मला हळूच म्हणाल्या, "हा नाई मांगून राह्यला. थो मांगून राह्यला."

तो म्हणजे ज्याची फुफ्फुसे होती तो. त्याचे नाव, गाव, वय, बाई की बाप्या, काहीच आम्हाला सांगितले नव्हते; तसा नियमच आहे. मेंदू मृत झालेले एक माणूस आणि छातीवर दगड ठेवून हो म्हणणारे त्याच्या घरचे, एवढेच कळले होते. उरलेले सासूबाईंनी आपल्या मनाने भरून घेतले. ह्यांना आंबट आवडू लागले म्हणजे तो आंध्राकडचा. दुपारी डोळा लागू लागला म्हणजे सरकारी नोकर. आमचे हेही काही कमी नाहीत. तेलंगणातल्या आमच्या इचोड्याच्या भर रस्त्यावर ट्रकचे सुटे भाग विकण्यात जन्म गेलेला माणूस, समोरच्याची नस त्यांना बरोबर सापडते. जिलबी हवी झाली की छातीवर हात ठेवायचे आणि केविलवाण्या आवाजात म्हणायचे, "माय, थो मांगते." गोळ्यांनी रक्तात वाढलेली साखर फक्त मला दिसायची.

घरातली हवालदार मी. मराठी शाळेत शिकवते, त्यामुळे आवाजाला सवय आहे. शाळेतून आले की मागच्या दाराने न्हाणीत, अंघोळ करूनच घरात. दूधवाल्याचे भांडे फाटकाशी. पाहुण्यांनी ओसरीवरून बोलायचे आणि तिथूनच जायचे. करोना संपला असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले होते, त्यामुळे आमच्या घराला लोक हसत. आपुलकीही तितकीच होती. कोणी ना कोणी गुळवेलीचा काढा घेऊन यायचे, ताकद वाढते म्हणून. मी तो कढीपत्त्याच्या झाडाला घालायची. अख्खे गाव ताकद वाढवायच्या मागे, आणि आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ ती कमी करायच्या गोळ्या.

सासूबाईंना हे पटत नसे. शेवटी मी त्यांना कुत्र्याचे उदाहरण दिले: रोगाशी लढायची अंगातली ताकद म्हणजे आपले कुत्रे. घरात कायमचा पाहुणा राहायला आला आहे, आपले कुत्रे त्याला परका समजून चावेल, म्हणून त्याला गुंगीत ठेवायचे. पण कुत्रे गुंगीत असले की चोराचे फावते, म्हणून फाटक आपण सांभाळायचे. त्यांनी सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मंग पाहुन्याले जेवू घालाले काय हरकत हाय?"

त्यांच्या डोक्यात काय चालले होते ते भाद्रपदात कळले. सर्वपित्री अमावस्येला त्या पाहुण्याचे पान वाढायचे होते. आमच्याकडे पित्तर नुसते पानावर वाढून होत नाही, गेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस बसवून जेवू घालावा लागतो. बाप गेला असेल तर म्हातारा, आई गेली असेल तर सवाष्ण किंवा विधवा, जशी ती गेली असेल तशी. मला वाटले, इथे तरी म्हातारी अडेल. कोणाच्या जागी कोणाला बसवणार? पण त्यांनी आधीच उत्तर काढले होते. "कोन व्हता मालूम नाई. मंग सगळेच बसवू."

म्हणजे म्हातारा असेल तर, म्हणून गल्लीतले जुने पटवारी. तरुण असेल तर, म्हणून चौकातला पानटपरीवाला. बाई असेल तर, म्हणून शेजारची तेलुगू बाई, तिला तर त्याच दिवशी त्यांच्या सणाची, बतुकम्माची, फुले रचायची होती. मुसलमान असेल तर, म्हणून दुकानासमोरचे टेलरचाचा. असा हिशेब करणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. मी कडाडून विरोध केला. ह्यांनी छातीवर हात ठेवला. मग मी अटी घातल्या: पंगत मागच्या अंगणात, ह्यांनी आतल्या खोलीतून बाहेर यायचे नाही, सगळ्यांनी मास्क लावायचा. इतकी पोरे शिकवलेल्या बाईला, मास्क लावून जेवायचे कसे, हे सुचले नाही.

अटींचे पुढे असे झाले. वडे तळून होत आले आणि पाऊस आला. पाने उचलून आतल्या खोलीत मांडली. पटवारींना ठसका लागला, तो तळणीच्या धुराचा आहे असे त्यांनीच जाहीर केले. आणि पित्तराला घरच्या कर्त्याने आग्रह केला नाही तर पित्तर उपाशी जाते, म्हणून आमचे हे मास्क हनुवटीवर लावून प्रत्येकाच्या पानावर वाकून "आनखी एक वडा, आनखी एक" करत फिरले. मी डोळे वटारत राहिले. सासूबाईंच्या चेहऱ्यावर मात्र असे समाधान होते की, खरे सांगते, मलाही क्षणभर बरे वाटले.

पुढे पटवारी पडून आहेत असे कळले. मग सासूबाईंना सर्दी झाली. ह्यांना काहीच नव्हते. तापही नव्हता, कारण त्यांच्या गोळ्या तापालासुद्धा वर येऊ देत नाहीत. पण रोज सकाळी फुंकायचे एक छोटे यंत्र आमच्याकडे आहे, फुफ्फुसे किती जोर धरून आहेत ते त्यावर दिसते. त्यातला आकडा घसरला. हे म्हणाले, आज मन लावून फुंकले नाही. दुसऱ्या दिवशी आणखी घसरला, आणि त्या दिवशी मन लावले होते हे मी पाहिले होते.

आदिलाबादला तपासणीला गेलो तर तिथला माणूस करोनाचे किट शोधायला आतल्या खोलीत गेला तो लवकर येईना. आल्यावर हिंदीत म्हणाला, बहुत दिन बाद कोई आया. दोन रेघा उमटल्या. फोनवर हैदराबादच्या डॉक्टरांनी लगेच निघायला सांगितले. सासूबाईंनाही तोच आजार होता, हलका होता, पण त्यांना नेता येणार नव्हते. त्यांना शेजारणीच्या भरवशावर सोडून आम्ही गाडी काढली.  

हैदराबादला सलाइनमधून औषध सुरू झाले, नाकाला ऑक्सिजन लागला. कुत्र्याला गुंगी आणणाऱ्या गोळ्यांपैकी एक बंद करावी लागली, चोराशी झुंजायला कुत्रे थोडे जागे हवे म्हणून. पण ते जास्त जागे झाले तर पाहुण्यालाच फाडणार. डॉक्टर म्हणाले, तारेवरची कसरत आहे. फुफ्फुसे वाचतील का, हे मी विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता "पाहू" म्हटले. मला सासूबाईंचा राग आला होता, सणसणून आला होता. घरी गेल्यावर काय काय बोलायचे ते मी बाकड्यावर बसून जुळवत होते.

सासूबाई रोज फोनच्या व्हिडिओवर ह्यांचे तोंड बघत. एक दिवस ह्यांना जरा बरे वाटत होते. त्यांनी ऑक्सिजनची नळी सावरली आणि आईची गंमत केली, "माय, थो म्हनते, पुढच्या खेपेले डबाच पाठवजो."

सासूबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तू माहा हायेस. तुह्या जिवाची भीती मले हायच. पन त्याच्या मायनं आपल्या लेकराचे फुफ्फुस आपल्याले सांभाळाले देले. म्या पंगत घालून थेबी घालवून बसली. तिले म्या काय तोंड दाखवू?"

 ह्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड केले. इतके दिवस मी माझ्या नवऱ्यासाठी रडत होते. त्या दुसऱ्या आईचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता, आणि माझी न शिकलेली सासू घरी खोकत बसून तिच्यापुढे मान खाली घालून उभी होती. मी जुळवलेले सगळे बोलणे तिथेच संपले.

फुफ्फुसे वाचली. पूर्वीइतकी नाहीत. गेलेला काही जोर परत येणार नाही, राहिलेला जपा, असे सांगून डॉक्टरांनी सोडले.

घरी आलो तेव्हा सासूबाई अंगणात उभ्या होत्या. त्यांनी ह्यांना खुर्चीवर बसवले. भाकरीचा तुकडा ओवाळला नाही, कसे आहेस विचारले नाही. मागे जाऊन ह्यांच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळहात टेकवला आणि खाली वाकून बोलू लागल्या. "लेकरा, चुकलं माहं. माह्या पोराले सोडून जाऊ नोको. तुह्या मायले सांगजो, थे म्हातारी आता नीट जपते म्हना."

मी म्हटले, "आई, मास्क."

त्यांनी माझ्या हातून मास्क घेतला, नाकावर नीट बसवला, हात पुन्हा त्याच जागी ठेवला आणि पहिल्यापासून सगळे परत सांगितले.